आई फाट्यावर का उतरली

गालाला साबण फासून मी आरशापुढे उभा होतो, तेवढ्यात कृष्णात कागद घेऊन आत आला. कृष्णात माझा स्वीय सहायक. नुसती सही हवी असली की तो कागद पुढे करतो आणि खिडकीबाहेर बघत राहतो. आज तो माझ्याकडेच बघत होता. "साहेब, वस्तरा खाली ठेवा आणि मग वाचा," तो म्हणाला. सांगलीचं सरकारी विश्रामगृह, सकाळचे सात, बाहेर माळी झारीनं पाणी घालतोय आणि माझ्या ओल्या हातात पत्र : परिवहन खात्याचे राज्यमंत्री यांच्या मातोश्री श्रीमती हरणाबाई यांना गेल्या मंगळवारी एका वाहकानं, रहिमतपूर चार कोस राहिलं असताना, गाडीतून खाली उतरवलं; त्या वृद्ध माउली उन्हातून चालत लेकीच्या घरी पोचल्या; सदर वाहक नाथाजी यास तात्काळ निलंबित केलं आहे; आज दुपारी चार वाजता साताऱ्यात चौकशी होऊन त्यास कायमचं घरी बसवण्यात येईल; झाल्या प्रकाराबद्दल आगार अत्यंत दिलगीर आहे. कुठलं आगार ते सांगत नाही. त्या अधिकाऱ्याला पुढे नोकरी करायची आहे.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझ्या आईच्या पायाला धूळ लागली म्हणून कुठंतरी कुणाची तरी नोकरी जाते, एवढे आपण मोठे झालो, असं मनाशी म्हणालो. मग त्याची लाज वाटली. मग रीतसर रागही येऊन गेला. आणि हे सगळं होऊन गेल्यावर, अर्धी दाढी उरली असताना, एक प्रश्न आला तो दिवसभर हललाच नाही : आई बोलली का नाही? ही बाई मामलेदाराला अरेतुरे करणारी. पाटलाच्या बैलानं आमचं पीक खाल्लं तेव्हा पाटलाच्या ओट्यावर बसून तिनं दुपारपर्यंत त्याच्या सात पिढ्या मोजल्या होत्या. तिला कुणी गाडीतून उतरवावं आणि तिनं मुकाट्यानं उतरावं? 'मी मंत्र्याची आई' एवढे तीन शब्द बोलायला काय होत होतं? दुष्काळ संपून दुसरं वर्ष चाललंय, पण आमच्या माणदेशी माळावर अजून माणसं चार शब्द ऐकवायला निमित्तच शोधत असतात. आणि आईला तर एसटीचा केवढा नाद. आम्ही तिला चिडवायचो, की एसटीत बसायला मिळावं म्हणूनच हिनं माझ्या बहिणीला, भामाबाईला, एवढ्या लांब रहिमतपुरात दिली. ड्रायव्हरच्या पाठीमागची खिडकी धरायची, पदर दातात, आणि जाणाऱ्या प्रत्येक शेतातल्या पिकाला नावं ठेवत जायचं. मी अकरा वर्षांचा असताना मला बोर्डिंगात घालायला ती फाट्यापर्यंत आली होती. तेव्हा तिनं पहिल्यांदा एसटी जवळून पाहिली. गाडी उभी राहिली तशी तिनं पुढे होऊन तिच्या नाकाडावर हात ठेवला, मेंढराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "ताप हाय की ह्याला. दमानं न्ये." मी मंत्री झाल्यावर मोठमोठ्या अभियंत्यांशी बैठका केल्या, पण इंजिनाबद्दल याहून जास्त मला आजतागायत कळलेलं नाही.

खरं तर परिवहन मंत्री नेमकं काय करतो हेच मला दीड वर्ष झालं तरी नीट उमगलेलं नाही, आणि विचारायची चोरी. मला सायकलसुद्धा धड येत नाही. लग्नाला जावं तर वरबाप अक्षता टाकता टाकता सांगतो की दहाची गाडी साडेअकराला येते. मयताला जावं तर तिरडीच्या मागून चालणारा कुणीतरी कानाशी येतो आणि आमच्या वाडीला थांबा द्या म्हणतो. बदली, परवाना, थांबा, मुक्कामी गाडी. माझ्या सहीनं काही होतं, काही होत नाही, आणि का होतं आणि का होत नाही हे सचिवांना माहीत असतं. प्रत्येक गाडीच्या आत दारावर रंगवलेलं असतं, उभे प्रवासी अकरा. अकराच का, बारा का नाहीत? मी एकदा भर बैठकीत विचारलं. सगळे अधिकारी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांचा कुळाचार विचारलाय. त्या दिवसापासून मी विचारायचं बंद केलं, पण मनातलं कुतूहल काही गेलं नाही. मुंबईतल्या बंगल्यावर झोप येत नाही तेव्हा वाटतं, या क्षणी राज्यात किती माणसं उभ्यानं प्रवास करत असतील, आणि त्यांना माझं नाव तरी ठाऊक असेल का.

दाढी उरकून बाहेर आलो तर फाटकाशी एक माणूस उभा. खाकी कपडे, पण बिल्ला काढून घेतलेला, त्या जागी छातीवर गडद ठिपका राहिलेला. उभं राहणं लष्करी. कृष्णात कानात म्हणाला, "हाच तो." कोरेगावकडचा गडी, पंधरा वर्षं फौजेत काढून आलेला, घरातली दोन माणसं अजून सरहद्दीवर. रडारडीची माझी तयारी होती. रोज दोनचार तरी रडतात, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला शिकलो आहे. पण नाथाजीनं टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "साहेब, आमी म्हातारीला उतरवली न्हाई. ती आपनहून उतरली. चौकशीत ह्येच सांगनार हाय. कुनी इस्वास ठेवनार न्हाई त्ये बी म्हाईत हाय."

"मग इथं कशाला आलास?"

"इचारायला आलो," तो म्हणाला. "तुमी त्यांचं चिरंजीव. त्या का उतरल्या त्ये तुमाला तरी ठावं आसंल. चार रोज झालं, डोस्क्यातनं जात न्हाई. नोकरी जाती ती जाऊ द्या, पर आपल्या हातनं काय चुकलं, त्ये तर कळाय पायजे."

माझ्या डोक्यातलाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला तिथंच चहा पाजला. तो बशी न वापरता, उभ्यानं प्यायला. मग सगळं सांगितलं. गाडी भरलेली. बसलेले पुरे, उभे अकरा. फाट्यावर एक बाई उभी, दिवस भरत आलेली, हातात गाठोडं. नाथाजीनं दारातूनच हात केला, जागा नाही. अकरावर एकही माणूस त्यानं कधी घेतला नाही; घेतला असता तर आज ही वेळ आली नसती, हेही त्यानंच सांगितलं. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, मी उतरते, हिला घे. तिचं तिकीट थेट रहिमतपूरचं. त्यानं हात जोडले. ती पायरीवरून खाली. "मला वाटलं, हितं जवळपास कुनी सोयरं आसंल तिचं. बेल दिली. मागं बगतो तर ती गाडीच्याच वाटंनं चालाय लागल्याली. ऊन आसलं मरनाचं. थांबवावी का, ह्येच कळंना. तवर गाडी लांब गेली." पुढे रहिमतपुरात कुणीतरी तिला ओळखलं, मंत्र्याची आई पायी आली म्हणून बोभाटा झाला, तो आगारात पोचला, आणि तिथल्या अधिकाऱ्यानं माझ्या प्रेमापोटी, म्हणजे माझ्या भीतीपोटी, नाथाजीचा बिल्ला काढून घेतला.

"चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "दोघं मिळून विचारू. चारच्या आत साताऱ्याला पोचवतो तुला." कृष्णातनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कपाळाकडे हात नेला आणि कपाळ खाजवल्यासारखं केलं.

नऊला कुपवाडला कार्यक्रम होता. वर्कशॉपमधली पोरं सायकली टेकवून उन्हात उभी होती, त्यांना सकाळच्या पाळीला गाडी हवी होती. मी बोललो. काय बोललो कुणास ठाऊक; टाळ्या पडल्या तेव्हा कळलं की गाडी देतो असं म्हणून बसलो आहे. डोळ्यांपुढे ती रस्त्याच्या कडेनं चालणारी म्हातारी होती, आणि मी तिच्या मागून चाललो होतो, तोंड दिसत नव्हतं. आईच्या मनात काय असतं हे मी शेवटचं कधी विचारलं? वाडीवर गेलो की माणसं वेढतात, अर्ज वेढतात, ती दारातून बघत असते. निघताना मी पाया पडतो, ती कानशिलावर बोटं मोडते, झालं. तिच्या हिशेबी मी आता कोण आहे? मुंबईला काय करतो असं कुणी विचारलं तर ती काय सांगत असेल? हे प्रश्न कधी पडलेच नव्हते. कुपवाडहून गाडी सुटली, तासगाव, विटा, मायणी, ऊस मागे पडला, मग शाळू, मग नुसता माळ आणि बोरीबाभळी. नाथाजी पुढे ड्रायव्हरशेजारी ताठ बसला होता. वाटेत एसटी दिसली की त्याची मान आपोआप वळायची, आणि टपावर किती, दारात किती, हे तो पुटपुटायचा. आमच्या फाट्यावर पंचवीस-तीस माणसं उभी होती. माझी गाडी बघून त्यांनी हात केले. काहींनी नमस्कार म्हणून, काहींनी थांबवायला. मी काचेआडून हात जोडले. गाडी थांबली नाही.

आई दारात हुलगे पाखडत होती. आधी तिनं माझ्यामागे नाथाजीकडे बघितलं. "आरं, तू व्हय," ती म्हणाली, "बस की." तो बसेना. मी घोंगडीवर टेकलो, आणि कृष्णातला नेहमी आश्चर्य वाटतं तसा, मुंबईची भाषा मोटारीतच सोडून आल्यासारखा बोलायला लागलो.

"आये, मंगळवारी तू गाडीतनं का उतरलीस?"

"बाई हुबी हुती फाट्याला. पोट ह्येवडं. ह्यो म्हनला जागा न्हाई."

"अकरा झालं हुतं, आज्जी," नाथाजी म्हणाला.

"अकरा काय आन् बारा काय, मला काय कळतंय. मी म्हनलं, मी उतरते. ह्यो हात जोडाय लागला. आज्जी, ऱ्हावा गाडीत, दुसरं कुनीतरी उतरंल. बेल मारायलाच तयार हुईना. मीच वराडले ह्याच्या अंगावर, जा म्हनलं, बाईची येळ भरलीया."

"पर गाडीत येवडी तरनीताठी मान्सं हुती. तूच का?"

तिचं सूप थांबलं. मी काहीतरी शेंबड्या पोरासारखं विचारलंय असा चेहरा करून तिनं मला नीट न्याहाळलं. "गाडी कुनाची रं?" तिनं विचारलं.

"कुनाची मंजे?"

"तुजी न्हवं? मंग त्यातली मान्सं आपली पावनी. दारात पावना हुबा, आन् घरधनीन पसरून बसली, आसं कुटं बगितलंस का?"

मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलं नाही. पावसाळा सरला की आम्ही मेंढरं घेऊन घाट उतरायचो. उघड्या रानात तळ पडायचा, घर म्हणजे तीन दगडांची चूल आणि एक घोंगडी. वाटसरू आला की बाप त्या घोंगडीवरून उठून धुरळ्यात बसायचा. आई भाकरी त्याच्यापुढे सरकवून आमच्याकडे डोळे वटारायची, आणि आम्ही भूक नसल्यासारखे चांदण्या मोजायचो. मोठेपणी मी त्यावर भाषणं केली, आमची संस्कृती म्हणून. त्या घोंगडीच्या जागी आईनं राज्यातल्या सगळ्या गाड्या ठेवल्या असतील हे माझ्या गावीही नव्हतं.

"आये, गाड्या माज्या न्हाईत. सरकारच्या हाईत," मी म्हणालो.

"मंग शपत कशाची घेतलीस? आकारामच्या रेडूवर समद्या वाडीनं ऐकलीया."

ती शपथ मी मनात पुन्हा म्हणून पाहिली. कुणाविषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता. तिच्यात गाड्यांचं नाव कुठंच नव्हतं, थांब्यांचं नव्हतं, अकरा प्रवाशांचं नव्हतं. ती म्हणताना माझं सगळं लक्ष आवाज कापतोय का याच्याकडे होतं. इथं मात्र माळावर बसून एका बाईनं ती ऐकली होती आणि आपलीच समजून पाळायला घेतली होती. तिला काय समजावून सांगणार? संविधान?

"मग ह्याला सांगायचं तरी, मी कोन हाय त्ये."

"सांगितलं आस्तं तर ह्यानं मला बसीवली आस्ती आन् दुसऱ्या कुनाला तरी खाली काडलं आस्तं. खरं का न्हाई रं?"

नाथाजीनं पायाकडे बघितलं. "खरं हाय, आज्जी," तो म्हणाला. चार दिवस डोक्यात घेऊन फिरलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर त्याचे खांदे पहिल्यांदा जरा सैल पडले, आणि तो तिथंच जमिनीवर बसला.

"पर मंगळवारची येक गोष्ट झाली," मी म्हणालो, "रोज का आसं—"

"मंगळवारची कशी? कायमचंच हाय त्ये," आई सहज म्हणाली आणि सूप पुन्हा हलवायला लागली. "तू मंत्री झाल्यापासनं कवा बसायला गावलंच न्हाई. तिकीट काडायचं, हुबं ऱ्हायाचं. कुटल्यातरी फाट्याला कुनीतरी ऱ्हातंयच की मागं. कवा औंदाच्या अलीकडं उतरायचं, कवा पलीकडं. मागल्या म्हैन्यात तर वडूजलाच उतरले. भामी वराडती माज्यावर. म्हनलं, तुला काय कळतंय, तुजा भाऊ आसंल, माजा ल्योक हाय त्यो."

दीड वर्ष. महिन्यातून दोनदा तरी ती लेकीकडे जाते. मी मनातल्या मनात कोस मोजायला लागलो आणि सोडून दिले. ड्रायव्हरच्या पाठीमागची ती खिडकी, दातातला पदर, पिकांना ठेवलेली नावं, सगळं मी शपथ घेतली त्या दिवशी बंद पडलं होतं, आणि मला वाटत होतं की माझ्या मंत्रिपदाचा घरात कुणाला काही त्रास नाही.

तेवढ्यात आईचं लक्ष नाथाजीच्या छातीवरच्या ठिपक्याकडे गेलं. "बिल्ला कुटं हाय रं तुजा?" तिनं विचारलं. मीच सांगितलं. तिनं सूप खाली आपटलं, हुलगे अंगणभर झाले. "माज्यापायी? आन् तू हितं बसून मलाच इचारतोयास, का उतरलीस म्हनून? उट आदी. काय ल्ह्यायचं त्ये ल्हे." मी मंत्रालयातही एवढ्या तातडीनं कधी उठलो नव्हतो. कृष्णातनं मांडीवर ब्रीफकेस ठेवून कागद लिहिला : सदर महिला स्वेच्छेने उतरल्या असून वाहकाने त्यांना गाडीतच राहण्याची विनंती केली होती, निलंबन आजच मागे घ्यावे. कारणाच्या रकान्याशी तो थांबला. "कारण काय लिहू, साहेब? स्वेच्छेनं का उतरल्या?" मी जरा विचार केला आणि म्हणालो, "काही लिहू नकोस." सही केली. आईनं वाचता येत नसतानाही तो कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, नाथाजीला दिला आणि वर त्याला तांब्याभर ताक पाजलं. "मान्सं दाटून घेत जा रं," तिनं त्याला बजावलं. "अकरावर न्हाई घ्यायाचो, आज्जी," तो म्हणाला, आणि ताक पिऊन कागद आतल्या खिशात घालून बटण लावलं.

तिला रहिमतपूरला भामाबाईकडे जायचंच होतं म्हणे, उद्या. मी म्हणालो, आत्ताच चल, माझ्या मोटारीतनं, वाटेवरच सोडतो. तिनं मोटारीकडे बघितलं. "किती बसत्यात हिच्यात?"

"पाच. दाटून सा."

"आन् फाट्याला किती हुबी हाईत?"

पंचवीस-तीस. मी मोजली होती, काचेआडून. आईनं अंगणातले हुलगे एकेक वेचायला सुरुवात केली आणि मीही तिच्याबरोबर खाली बसून वेचायला लागलो. तिच्या टाचा माझ्या अगदी समोर आल्या. चपलांचे पट्टे जिथं घासले होते तिथं दोन्हीकडे सुजल्या होत्या, आणि एका भेगेत हळद भरलेली होती. तिनं माझ्याकडे न बघता, नेहमीचं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "ह्ये तुजं खातं कवा सुटायचं रं?"

हा प्रश्न मुंबईत माझ्या पाठीमागे रोज विचारला जातो. कधी फेरबदल होतो, कधी याची लाल दिव्याची गाडी जाते, म्हणून टपून बसलेली माणसं मला नावानिशी ठाऊक आहेत, आणि त्यांच्या धास्तीनं माझं जेवण पचत नाही. तोंडावर मात्र कुणी विचारलेलं नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. "मधीच काडलं न्हाई, तर सत्त्याहत्तरला निवडनूक हाय."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मंजी आजून दोन दिवाळ्या."

"व्हय."

"दोनच व्हय," आई म्हणाली, "तेवडं चालंन मी."